घोडा लंगडतोय का बघायचंय? आधी त्याचं डोकं मोकळं सोडा

माथेरानला दस्तुरी नाक्यावर उतरलं की घोडेवाले पुढे येतात आणि लोक घोडा निवडताना बघतात काय तर रंग, उंची, आयाळ, फार फार तर नाव विचारतात. मी आधी घोडेवाल्याचा हात बघते. लगाम कुठे धरलाय, हनुवटीखाली मूठ आवळलीये की दोरीला मधे झोळ आहे. कारण पाय दुखतोय हे घोडा मानेने सांगतो, आणि तीच मान गच्च धरून ठेवली की घोड्याचं म्हणणं तिथेच दाबलं जातं, मग समोर दहा माणसं उभी असली तरी कोणाला काही दिसत नाही. हे मला इतक्या वेळा डोळ्यांसमोर दिसलंय की आता लिहायलाच हवं असं वाटलं.

मी डॉक्टर नाही. नोकरी मुंबईत, ऑफिस लोअर परळला, पण बरीच वर्षं शनिवार-रविवार घोड्यांत जातो, कर्जतकडच्या एका छोट्या तबेल्यात. डॉक्टर घोडे तपासायला येतात तेव्हा दोरी धरायला, बादली आणायला, टॉर्च मारायला मी असते. जे लिहितेय ते त्यांच्याकडून आणि नालबंद चाचांकडून शिकलेलं आहे.

आधी साधी गोष्ट. घोडा उभा असताना त्याच्या वजनातलं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर असतं. आणि डोकं-मान मिळून अंगाच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी भरतो, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला चाळीस किलोचं डोकं-मान. आता पुढचा एक पाय दुखतोय, तर घोडा काय करतो? दुखरा पाय जमिनीवर पडायच्या वेळेला डोकं वर उचलतो म्हणजे पुढचा भार तेवढा हलका होतो, आणि चांगला पाय पडला की डोकं खाली सोडतो. आपल्या टाचेत काटा गेला की आपण नाही का अंग दुसरीकडे टाकत चालत, तसंच. त्यामुळे मान खाली जाते तेव्हा जो पाय टेकतो तो चांगला, आणि वर जाते तेव्हाचा दुखरा. नवीन माणूस हमखास उलटं धरतो, त्याला वाटतं मान ज्या पायावर आपटतेय तोच बिघडलाय.

हे सगळ्यात नीट दिसतं दुडकीत, म्हणजे चालणं आणि चौखूर धावणं यांच्या मधल्या चालीत. दुडकीत समोरासमोरचे तिरके पाय जोडीने पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात आणि नसतील तर लगेच कळतं. चौखूर धावताना चालच मुळात दोन्ही बाजूंना सारखी नसते म्हणून त्यात शोधणं अवघड. मागचा पाय दुखत असेल तर मानेपेक्षा पुठ्ठ्याकडे बघायचं, मागून उभं राहून, कमरेचं हाड कुठल्या बाजूला जास्त वरखाली होतंय ते. आणि मागच्या पायाचं दुखणं कधीकधी मानेतही उतरतं आणि त्याच बाजूचा पुढचा पाय बिघडल्यासारखं वाटतं, इथे भले भले फसतात.

आता त्या घोडीचं सांगते. कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी रंगाची, पर्यटकांना फिरवणारी, अंगाने बरी होती. मालक म्हणाला, जरा आखडतेय दोन दिवस, बाकी खाणंपिणं ठीक आहे. मोतद्दाराने, म्हणजे तिची देखभाल करणाऱ्या माणसाने, तिला पळवून दाखवलं, पुढे गेला, मागे आला, परत एकदा. मूठ अगदी हनुवटीखाली, कडं त्याच्या बोटांत. घोडीचं डोकं त्याच्या खांद्याला लागून एका जागी बसलेलं, इंचभर हलत नव्हतं, पावलं थोडी आखूड पडत होती एवढंच. मला तरी काही सांगता आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, "दादा, लगाम काढा तिचा. नुसती मोहरकी घाला आणि दोरी हातभर सोडून पळवा." मोहरकी म्हणजे डोक्यावरचा साज, त्यात तोंडात लोखंड नसतं.

मोतद्दार घाबरला. "डॉक्टर, सोडली तर उधळेल ओ ती."

"उधळू द्या, गेट बंद आहे."

लगाम उतरवला. तोंडातून लोखंड निघाल्यावर ती बराच वेळ जीभ फिरवत राहिली, ओठ चाटले, मान दोनदा झटकली. मग मोहरकी घालून सिमेंटच्या पट्टीवर दोरी सैल ठेवून पळवली आणि पहिल्या चार पावलांतच सगळ्यांना दिसलं, तिथे चहा घेऊन आलेल्या पोराला पण दिसलं. उजवा पाय टेकला की मान वर, डावा टेकला की धपकन खाली. आवाजात पण फरक होता, डाव्या नालेचा ठोका मोठा आणि उजव्याचा अगदी पुसट. तीच घोडी, तीच पट्टी, मधे दहा मिनिटं पण गेली नव्हती. बदललं होतं ते तोंडातलं लोखंड आणि धरायची पद्धत.

पुढचं काम मग सरळ होतं. डॉक्टरांनी खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन बोटं ठेवून नाडी बघितली, उजव्या पायाची ठणठण उडत होती, डाव्याची शोधावी लागली. मला पण हात लावायला लावला, खूर गरम होता. मग हूफ टेस्टर, म्हणजे लांब दांड्यांची पक्कड असते, तिने खुराचा एकेक भाग दाबत जायचं, बाहेरच्या बाजूला एका जागी दाबल्याबरोबर तिने पाय खेचून घेतला, परत दाबलं, परत खेचला. चाचांनी नाल काढली पण एकदम उचकटून नाही, एकेक खिळा वेगळा काढून प्रत्येक खिळा नाकाजवळ नेऊन वास घेतला. बाकीचे कोरडे आले. एक ओला आला, काळपट आणि घाण वास. तिथेच ठोकताना खिळा नको तेवढा आत गेला होता. डॉक्टरांनी सुरीने ते भोक जरा मोठं केलं तर करडं-काळं पाणी बाहेर आलं, घोडीने एक मोठा श्वास सोडला आणि खूर खाली ठेवला. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून ठेवायचा, पट्टी, वर चिखल लागू नये म्हणून जाड आवरण, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, ते तर अजिबात चुकवायचं नाही कारण घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि खुराची जखम म्हणजे त्याला उघडं दार.

डॉक्टर एक गोष्ट नेहमी सांगतात, पुढच्या पायाने लंगडणाऱ्या घोड्याचं कारण बहुतेक वेळा खुरात किंवा खुराच्या जवळपासच सापडतं, म्हणून खांदा सुजलाय, मोच आलीये असलं काही ठरवून तेल चोळत बसायच्या आधी खूर उचला. तेल चोळण्यात आठवडा जातो आणि पू आत वर चढत राहतो, वाट मिळाली नाही तर खुराच्या वर केस सुरू होतात त्या कडेतून फुटून बाहेर येतो.

पण मला मुख्य बोलायचंय ते लगामाबद्दल.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामधे एक मोकळी जागा असते, तिथे दात नाहीत. लगामाचं लोखंड तिथे बसतं, जिभेवर आणि खालच्या जबड्याच्या कडेवर. ती जबड्याची कड बोट लावून बघितलीत तर कळेल, धारदार हाड आहे आणि वर पातळसं कातडं, मांस नाहीच. साधं मधे सांधा असलेलं कडं, स्नॅफल, सैल हातात असेल तर घोडा ते निवांत चघळतो. कर्ब म्हणजे ज्याला खाली लांब दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते, त्यात तरफेचं काम होतं, हाताने थोडं ओढलं तरी तोंडात त्याच्या कितीतरी पट जोर जातो. चांगल्या हातात तेही चालतं. पण आपल्याकडे वरातीच्या घोड्यांना, टांग्याच्या घोड्यांना जो काटेरी लगाम घालतात त्याला काहीही म्हणा, मला ते वाहन चालवायचं सामान वाटत नाही. कड्याला चहूबाजूंनी टोकं असतात, ती जिभेत आणि ओठांच्या कोपऱ्यात रुततात, कोपरे फाटतात, भरतात, परत फाटतात आणि शेवटी तिथे कातडं पांढरट घट्ट होऊन बसतं.

मागे नात्यातल्या एका लग्नात मुलुंडला वरात होती. घोडी पांढरी, नटवलेली, डोळ्यांवर गोंड्यांची झालर, समोर बँजो आणि मागे जनरेटरची गाडी. नवरदेव बसायच्या आधी मी जवळ गेले आणि ओठाचा कोपरा बघितला, गुलाबी फेस येत होता, म्हणजे रक्त होतं त्यात. आणि घोडीवाला अगदी तोंडाजवळ धरून उभा. सगळे म्हणत होते किती शहाणी घोडी आहे, एवढ्या आवाजात हलत पण नाही. हलणार कशी? मी मागे जाऊन बघितलं तर एका जागी उभी असताना ती मागचा एक पाय सारखा उचलून ठेवत होती, घोडा मागचे पाय आलटून पालटून सैल सोडून आराम करतो ते वेगळं, इथे दर वेळी तोच पाय. मामांना बाजूला घेऊन सांगितलं, मामांनी ऐकलं आणि नवरदेव गाडीतून हॉलवर गेला, घोडीवाल्याला पैसे पूर्ण दिले. दोनचार लोक नाराज झाले, होऊ देत.

आणि हा काटेरी लगाम कायद्यात बसत नाही बरं का, आज नाही तर १९६५ पासून. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे त्या वर्षीचे नियम आहेत, त्यात टोकं, गाठी किंवा जखम होईल असलं काही असलेला लगाम, काठी, साज वापरायला स्पष्ट मनाई आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, मधे विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नको हेही आहे. मूळ कायदा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा, १९६० चा, आजारी किंवा जखमी जनावराला कामाला जुंपणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा रुपये ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज माथेरानला पाण्याची बाटली आणि एक वडापाव पण धड येत नाही. हा आकडा वाचून मला दर वेळी राग येतो आणि यायलाच हवा.

मुंबईत व्हिक्टोरिया, म्हणजे फिरायच्या घोडागाड्या, होत्या तेव्हा गेटवेला, मरीन ड्राइव्हला आपण सगळ्यांनी ते घोडे बघितलेत. डांबरी रस्ता, नालेखाली काही नाही, प्रत्येक पावलाचा दणका खुरापासून वर गुडघ्यापर्यंत. २०१५ मधे हायकोर्टाने त्या बंद करायला सांगितल्या आणि नंतर विजेवर चालणाऱ्या आल्या. त्या कुटुंबांचं पोट त्यावर होतं हे खरंच आहे आणि त्यांची सोय आधी आणि नीट व्हायला हवी होती असं माझं मत आहे, पण घोड्यांच्या बाजूने तो निर्णय बरोबरच होता.

आता याच्या उलट बाजू. लगामामुळे लंगडणं झाकलं जातं तसंच लगामामुळे नसलेलं लंगडणं दिसूही शकतं. स्वार बसला, लगाम हातात घेतला की घोडा एका बाजूला आखूड पावलं टाकतो, मान वाकडी करतो, आणि खाली उतरून मोहरकीवर पळवला तर एकदम साफ. अशा वेळी पायात शोधून काही मिळत नाही, तोंड उघडून बघावं लागतं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होतात, गालाच्या आतल्या बाजूला आणि जिभेला कापतात, म्हणून वर्षातून एकदा तरी कानशीने घासून घ्याव्या लागतात. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक छोटा दात असतो, वुल्फ टूथ म्हणतात, लोखंड त्याच्यावर आपटलं की घोडा त्या बाजूचा लगाम घ्यायलाच तयार होत नाही. कधी कारण स्वाराचा हात असतो, एक हात जड, एक हलका. अर्थात फक्त स्वार असतानाच दिसणारं लंगडणं पाठीचं किंवा मागच्या पायांचंही असू शकतं, म्हणून तोंडात काही सापडलं नाही तर विषय तिथे संपत नाही. पण दोन्ही प्रकारे बघायचं, लगामावर पण आणि लगाम काढून पण, हा नियम सोडायचा नाही.

नाकावरचा पट्टा हा अजून एक. घोडा तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, ते दिसू नये म्हणून पट्टा एक भोक पुढे, अजून एक भोक पुढे असं आवळत जातात. जुना नियम साधा आहे, नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली मोठ्या माणसाची दोन बोटं गेली पाहिजेत, गालावर नाही, पुढे हाडावर. गालावर मऊ असतं तिथे बोटं जातातच आणि लोक तेच दाखवतात. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो, त्यामुळे पट्टा खाली सरकून नाकपुड्यांवरच्या मऊ भागावर आला तर ते अजून वाईट. जेरबंद, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्यापासून पुढच्या पायांमधून डोक्याकडे जाणारा पट्टा, त्याचं पण तेच, डोकं वर उडवून स्वाराच्या तोंडावर आदळू नये एवढ्यापुरता तो ठीक आहे, पण आखूड बांधलेला जेरबंद म्हणजे घोड्याला मान वर करायची बंदी आणि मग दुखऱ्या पायावरचा भार कमी करायचा त्याचा मोठा उपायही गेला, तो तसाच पाय टाकत राहतो आणि दुखणं वाढत जातं.

म्हणजे घोड्याला धरूच नये का, तर तसं अजिबात नाही. चारशे किलोचं घाबरलेलं जनावर आहे, डॉक्टरच्या बरगड्या मोडायला एक लाथ पुरते. ड्रेसिंग करताना, टाके घालताना, नळी घालताना धरावंच लागतं. वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीने पिळतात, ट्विच, ते बघायला मला सुरुवातीला अजिबात आवडायचं नाही. पण त्यावर अभ्यास झालाय, १९८४ मधे सायन्स या नियतकालिकात आला होता, ओठ पिळल्यावर घोड्याच्या रक्तात एंडॉर्फिन वाढतं, घोडा डोळे मिटल्यासारखा होतो आणि नाडीची गती उतरते. पण हे थोडाच वेळ, पाच मिनिटांच्या पुढे गेलं की नाडी उलट चढायला लागते, मग तो नुसता त्रास. आणि कान पिळणं तर नकोच, त्याने घोडा शांत होत नाही, घाबरून थिजतो, आणि नंतर आयुष्यभर कानाला हात लावू देत नाही, मोहरकी घालणं पण मुश्किल. मोठं काम असेल तर डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देतात, ते कितीही चांगलं. एकच, गुंगी द्यायच्या आधी चाल बघून घ्यायची. आणि वेदनाशामक देऊन घोडा कामाला उभा करायचा हा प्रकार जिथे चालतो तिथे तर बघायला पण काही उरत नाही, मान पण गप्प आणि पाय पण गप्प, आणि आतली जखम रोज वाढतेय.

अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढून आणि मागून बांधायच्या दोऱ्या, नीट बांधली तर घोडा रात्री सुरक्षित राहतो, पण नायलॉनची दोरी पायाला बांधलेली मी खूप ठिकाणी बघितलीये, खुराच्या वर कातडं सोलून निघतं आणि पावसात ते चिघळतं. मग परत लंगडा घोडा, आणि कारण काय तर त्याला धरून ठेवायला बांधलेली दोरी. सुती पट्टा वापरा, किंवा आतून गोणपाट लावा, खर्च काहीच नाही.

पावसाळा आला की हे सगळं दुप्पट होतं. रेसचे घोडे पावसात महालक्ष्मीहून पुण्याला जातात, त्यांचं ठीक आहे, पण कामाचे घोडे इथेच. सतत ओलं राहून तळवा मऊ पडतो, खुराच्या मधल्या त्रिकोणी भागात काळी घाण साचून वास मारायला लागतो, खडा रुतला की पू. रोज संध्याकाळी चारी खूर कोरून साफ करणं आणि रात्री उभं राहायला कोरडी जागा, एवढ्याने अर्धं दुखणं टळतं. माथेरानला लाल मातीच्या रस्त्यावर ब्लॉक बसवले तेव्हा घोडेवाले ओरडले होते की पावसात घोडे घसरतात, लोखंडी नाल आणि ओला गुळगुळीत ब्लॉक, त्यांचं म्हणणं मला पटतं. उतारावर तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो. आणि वजनाचंही बघा, घोड्याने त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त उचलू नये असं साधारण धरतात, खोगीर धरून. अडीचशे-तीनशे किलोचं तट्टू असेल तर हिशोब पन्नास-साठ किलोपर्यंतच जातो. मोठ्या माणसांनी चालत जा ना, माथेरान चालायलाच तर आहे.

बसायच्या आधी एवढं करा. घोडेवाल्याला म्हणा, दादा, जरा लांब दोरीवर दहा पावलं चालवून आणि थोडं पळवून दाखवा. बहुतेक जण दाखवतात, त्यांचा पण जीव असतो घोड्यावर, गच्च धरायची सवय ही बापाकडून आलेली असते, वाईट हेतूने नाही. तुम्हाला मान बघायला जमत नसेल तर नुसतं ऐका, माथेरानला गाड्यांचा आवाज नसतो त्यामुळे टापा छान ऐकू येतात. चालताना चार ठोके सारखे, दुडकीत दोन ठोके सारखे. एक मोठा एक बारीक येत असेल तर बसू नका आणि त्याला सांगा की खूर तपासून घ्या. मुंबईत कोणाला रस्त्यावर असा घोडा दिसला तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला कळवा, तिथे घोड्यांवर उपचार होतात. व्हिडिओ काढणार असाल तर समोरून, मागून आणि बाजूने, पूर्ण घोडा फ्रेममधे, आणि शक्य असेल तर ओठाच्या कोपऱ्याचा एक फोटो जवळून.

लग्नासाठी घोडी ठरवत असाल तर बुकिंगच्या वेळीच विचारा की लगाम कुठला आहे, फोटो मागवा. काटेरी असेल तर सरळ नाही म्हणा आणि का नाही तेही सांगा, कारण कोणी विचारतंय हे कळल्यावर लगाम बदललेले घोडीवाले मी बघितलेत, साधं कडं काही महाग येत नाही.